उरणचा धूर कुणाच्याच यादीत नाही : केंद्र आणि राज्य सरकारला खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्री, नवी दिल्ली
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि स्वच्छ हवेच्या निधीचं वाटप ज्यांच्या हातात आहे ते सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

मी उरण तालुक्यातल्या एका गावात राहते. न्हावा शेवा बंदराकडे जाणारा कंटेनरचा रस्ता आमच्या अंगणापासून दोनशे पावलांवर आहे. आमचे दोन ट्रेलर आहेत. एक नवरा चालवतो, दुसरा दीर. वही माझ्याकडे असते. डिझेल, टायर, फास्टॅग, विमा, पासिंग, हप्ता, सगळं मी लिहिते. म्हणजे ज्या धुराची तक्रार मी करणार आहे, त्यातला थोडा आमच्याच सायलेन्सरमधून निघतो. हे पहिल्यांदाच सांगून टाकते. आमच्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकांना कुणी हवा बिघडवणारे म्हणतं, कुणी देशाचा माल वाहणारे म्हणतं. पण धूर बंद करायला तुम्हाला काय लागेल, हे आम्हाला विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

हे पत्र लिहायचं मनात आलं ते जुलै 2025 मध्ये. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकांना अनुदान देण्याचे नियम तेव्हा जाहीर झाले. माझी मुलगी कॉमर्सला आहे. तिनं ते मोबाइलवर उघडून मला ओळीनं वाचून दाखवले. एका ट्रकला जास्तीत जास्त 9 लाख 60 हजार रुपये. देशभरात मिळून सुमारे 5,600 ट्रक. त्यासाठी 500 कोटी. जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात मोडल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय अनुदान नाही. ऐकून मला आधी बरंच वाटलं. डिझेलचे ट्रक बदलायला सरकारनं एवढा पैसा वेगळा काढला, तोही जुनी गाडी मोडायच्या अटीवर, म्हणजे कुणीतरी नीट विचार केलाय असं वाटलं. मग मी वही काढली आणि आमच्या गाडीवर तो हिशेब लावून बघितला. त्या रात्री झोप लागली नाही.

हिशेबाकडे येतेच. त्याआधी आमच्या अंगणात या.

आम्ही आगरी. पूर्वी आमच्या घरी जवळा, बोंबील, मांदेली अंगणातच वाळायचं. सासूबाई पहाटे जुनं लुगडं अंथरायच्या, त्यावर जवळा पातळ पसरायच्या आणि दुपारपर्यंत दोनदा हातानं फिरवायच्या. जवळा वाळला की गुलाबी-पांढरा दिसतो. सात-आठ वर्षांपूर्वी मी तसाच पसरला होता. संध्याकाळी गोळा करायला गेले तर लुगड्यावर जिथं जवळा नव्हता तिथं करडा थर, आणि हात फिरवला की बोटांना काळं. धूळ असती तर झटकली गेली असती. हे झटकलं की पसरत होतं, काजळीसारखं, तेलकट. दोन पाण्यांनी धुतलं तरी वास गेला नाही. तो जवळा मी कोंबड्यांनाही घातला नाही. तेव्हापासून वाळवण बंद आहे, सुकी मासळी आम्ही बाजारातून आणतो. ज्या गावाला खाडी आहे त्या गावानं सुका जवळा विकत आणावा, ही गोष्ट आमच्या वयाच्या बायका आपसात बोलताना आवाज खाली करून बोलतात.

तुळशीच्या पानांवर तोच थर. खिडकीच्या जाळीवर तोच. नवऱ्याच्या रुमालावर तोच. तो पंचवीस वर्षं गाडी चालवतोय आणि गेली तीन वर्षं त्याच्या खिशात श्वासाचा पंप असतो. डॉक्टरांनी हे धुरामुळेच झालंय असं लिहून दिलेलं नाही आणि मीही तसं म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 12 जून 2012 रोजी डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. ही गोष्ट माझ्या घरात कळली ती मुलगी कॉलेजात गेल्यावर. बारा महिने त्या धुरात बसणाऱ्या माणसाला ती आधी कुणीतरी सांगायला हवी होती.

आम्ही या धंद्यात कसे आलो तेही तुम्हाला माहीत असावं. सासऱ्यांची भातशेती होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात ती गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जासईला जे आंदोलन झालं, ज्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यात सासरे होते. पुढं 1989 ला बंदर सुरू झालं. जमीन गेलेल्या पोरांना बंदरात कायमची नोकरी मिळाली ती थोड्यांना. बाकीच्यांनी मिळालेल्या पैशात गाडी घेतली. सासरे म्हणायचे, जमीन गेली, आता निदान रस्त्यावर तरी आपला हक्क राहू दे. आमच्या तालुक्यात एक-दोन ट्रेलर असलेली जी घरं आहेत, त्यातली कितीतरी अशीच उभी राहिली आहेत. गाडी जुनी झाली म्हणून ती सोडून द्या, एवढं सांगून ही घरं मोकळी होत नाहीत.

आता वहीतला हिशेब.

आमचा मोठा ट्रेलर 2012 चा, बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी मानकाचा. आताचं मानक बीएस-6. पुढचा जो ओढणारा भाग असतो, ज्याला आम्ही हॉर्स म्हणतो, तो आजही बाजारात साडेसहा लाखांना जातो. भंगार केंद्रात दिला तर लोखंडाच्या वजनाचे सव्वादोन लाखांच्या आसपास येतात. म्हणजे गाडी मोडायची तर आमच्या पदरचे सव्वाचार लाख जातात. कोण मोडणार? म्हणून कुणी मोडत नाही, विकतात. उरणचा जुना हॉर्स उसाच्या हंगामाला घाटावर जातो, वीटभट्टीला जातो, खडी-वाळूला जातो. धूर तोच, फक्त दार दुसऱ्याचं. तिथल्या बाईच्या वाळवणावर तो बसतो.

आणि नवी विजेची गाडी? आम्ही चौकशी केली. विक्रेत्यानं सांगितलेली किंमत एक कोटीच्या पुढं होती. त्यातून 9 लाख 60 हजार वजा झाले तरी उरलेली रक्कम आमच्या घरानं कधी एका कागदावर लिहिलेली बघितलेली नाही. एका बँकेत गेलो. साहेब चांगले बोलले, चहा दिला, आणि विचारलं की कुठल्या मोठ्या कंपनीशी पाच वर्षांचा वाहतुकीचा करार आहे का. आम्हाला भाडं मिळतं ते फोनवर, आज सकाळी उद्याचं. करार कुठून आणणार? त्यांनी फाइलच उघडली नाही. मी त्यांनाही दोष देत नाही, त्यांच्या नियमात आम्ही बसत नाही.

माझी पहिली तक्रार इथंच आहे. तुमचं अनुदान नव्या गाडीला आहे, जुना धूर घालवायला नाही. ज्याच्याकडे कोटभर उभे करायची ताकद आहे, त्याला ते मिळतं. त्याची गाडी बहुतेक वेळा आधीच नवी, बीएस-6 असते. आणि भंगाराचं प्रमाणपत्र स्वतःच्याच गाडीचं हवं असंही नाही, ते बाजारातून विकत घेता येतं. म्हणजे ज्याची गाडी धूर सोडते तो योजनेच्या बाहेर, आणि योजनेत जो आहे त्याच्या दारात तो धूर नव्हताच. मी माझ्या आकड्यांवर हिशेब मांडला. एका विजेच्या ट्रकाच्या अनुदानात आमच्यासारख्या दोन जुन्या गाड्यांची सव्वाचार-सव्वाचार लाखांची तूट भरून निघते आणि वर लाखभर उरतो. दोन बीएस-3 गाड्या कायमच्या मोडतील. विजेचे ट्रक नकोत असं मी म्हणत नाही. ते हवेतच. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या बंदरात बॅटरी बदलता येणारे 50 विजेचे जड ट्रक आले तेव्हा गावातली पोरं बघायला गेली होती, आवाज येत नाही म्हणून चकित झाली. पण ते बंदराच्या कामातले ताफे. फाट्यावर रात्रभर उभी राहणारी गाडी आमची आहे, आणि तिच्यासाठी एक ओळ कुठल्या नियमात नाही.

दुसरी गोष्ट मधल्या पायरीची. बीएस-3 वरून थेट विजेवर जा, असं तुम्ही म्हणता. मधे काहीच नाही? बीएस-3 च्या जड इंजिनाला दर किलोवॉट-तासाला 0.10 ग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-6 ला 0.01 ग्रॅम. दहावा हिस्सा. 1 एप्रिल 2020 पासून देशभर जे डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाखांत दहा भागच असतं, त्याआधी पन्नास असायचं. तेव्हा जास्त गंधकामुळे धूर गाळणारं फिल्टर जुन्या गाडीवर टिकणार नाही ही सबब तरी होती. आता इंधन तयार आहे. मग पाच-सहा वर्षं जुनी बीएस-6 गाडी घेऊन जो आपली बीएस-3 मोडेल त्याला व्याजात सवलत का नाही? ज्या जुन्या गाडीला चालण्यासारखं आहे तिला तपासून, प्रमाणित फिल्टर बसवायला पैसे का नाहीत? भंगार धोरणात नव्या गाडीच्या रस्ताकरात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट आहे, ती चांगली आहे, पण चाळीस लाखांची नवी गाडी घेणाऱ्यालाच ती दिसते. वापरलेली गाडी घेणाऱ्याला त्यात काही नाही, आणि आमचा सगळा धंदा वापरलेल्या गाड्यांवर चालतो.

बाहेरच्या देशाचं एक उदाहरण मुलीनं मला वाचून दाखवलं, ते मला फार पटलं. अमेरिकेत डिझेलचा धूर कमी करण्यासाठी 2005 मध्ये कायदा झाला आणि 2008 पासून त्याखाली सरकारी पैसा मिळू लागला. त्या पैशातून नवी गाडी घेता येते, जुन्या गाडीत नवं इंजिन टाकता येतं, फिल्टरही बसवता येतं. बंदरात कंटेनर ओढणाऱ्या ट्रकांना त्यांनी वेगळं धरलं, कारण ते छोट्या मालकांचे आणि सगळ्यात जुने असतात. आणि अट अशी की जुनं इंजिन पुन्हा कुठं चालू नये म्हणून त्याच्या ब्लॉकला तीन इंचाचं भोक पाडायचं आणि चासी कापायची. भोक पाडल्याचा फोटो दिल्यावर पैसे. हे वाचून माझ्या नवऱ्यानं मान हलवली. त्याला इंजिन कळतं. ब्लॉकला भोक पडलं की ते इंजिन कुठल्याच गॅरेजात परत उभं राहत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

पण त्याच देशातली दुसरी बाजूही वाचली, आणि ती तुम्ही विसरू नये म्हणून लिहिते. लॉस एंजेलिसच्या बंदरानं 1 ऑक्टोबर 2008 पासून 1989 च्या आधीचे ट्रक बंद केले आणि 2012 पर्यंत टप्प्याटप्प्यानं फक्त नव्या मानकाचे ट्रक आत घेतले. माल ज्याचा त्याच्याकडून दर भरलेल्या वीस फुटी कंटेनरमागे 35 डॉलर घेतले. हवा खूप सुधारली. पण नवे ट्रक घ्यायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या ड्रायव्हरांना कंपन्यांनी आपले ट्रक भाड्याच्या करारावर दिले, हप्ते त्यांच्या कमाईतून कापले, आणि कित्येकांच्या हातात आठवड्याच्या शेवटी काही उरलं नाही. हवा स्वच्छ करायचा खर्च शेवटी चाक हातात असलेल्या माणसाच्या अंगावर पडला. आमच्याकडे बंदी आधी आणि मदत नंतर आली, तर हेच होईल. मला त्याची भीती आहे, आणि ती मी उघड बोलून दाखवते.

तिसरी तक्रार हवेच्या निधीची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातली 19 शहरं त्यात आहेत. मुंबई आहे, ठाणे आहे, बदलापूर आहे, खाडीपलीकडची नवी मुंबई आहे. उरण नाही. पनवेल नाही. 2024-25 मध्ये या बंदरातून वीस फुटी मापात धरून 73 लाख कंटेनर गेले-आले. त्यातले जे रस्त्यानं जातात ते करळ, जासई, गव्हाण फाटा याच वाटेनं जातात. नवी मुंबईच्या हद्दीत पाऊल ठेवल्यावर तोच ट्रक निधीच्या यादीतला होतो, आणि आमच्या गावातून जाताना तो कुणाच्याच यादीत नसतो. हवा महापालिकेची हद्द बघून थांबत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये चौथ्या टर्मिनलचा दुसरा टप्पाही सुरू झाला. बंदराची क्षमता वर्षाला एक कोटी कंटेनरांच्या पुढं गेली. बंदर वाढल्याचा आम्हाला अभिमान आहे, आमची चूलही त्यावरच पेटते. पण क्षमता वाढवताना रस्त्याकडेच्या गावांच्या फुप्फुसांचा हिशेब कुठल्या रकान्यात धरला, ते आम्हाला दाखवा.

आणि ज्या शहरांना निधी मिळाला तिथं तो गेला कुठं? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 2024 मध्ये आकडे मांडले. 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला, म्हणजे रस्ते करणं, खड्डे बुजवणं, पाणी मारणं, झाडू मारणारी यंत्रं. वाहनांच्या धुरावर 12.63 टक्के. कारण शहराचं काम कसं झालं हे मोजलं जातं ते पीएम-10 या जाड कणांवर. डिझेलची काजळी त्याहून कितीतरी बारीक असते, पीएम-2.5 च्या आतली, आणि तीच खोल फुप्फुसात जाते. जे मोजायचं तेच सुधारायचं, ही साहजिक गोष्ट आहे. रस्त्यावर टँकरनं पाणी मारलं की धूळ बसते. सायलेन्सरमधून निघालेला धूर पाण्यानं बसत नाही. हे सांगायला मला शास्त्रज्ञ व्हायची गरज नाही, अंगण झाडणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत आहे.

पर्यावरण कराचंही विचारते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला आपल्या राज्यात हा कर भरावा लागतो. आम्ही भरतो. पावतीवर 'पर्यावरण' हा शब्द असतो. जुन्या गाडीमुळे हवा बिघडते म्हणून कर घेतला, हे मला मान्य आहे. पण मग त्या पैशातून एक तरी जुनी गाडी हलली का? एक तरी फिल्टर बसलं का? ज्या नावानं पैसा घेतला त्या कामाला तो लागला, असं एक तरी पान आम्हाला दाखवावं. दर लिटर डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहेच. आम्ही अनुदानावर जगणारे लोक नाही. महिन्याला टाकी भरताना जेवढा कर आम्ही देतो तेवढा पगारदार माणूस वर्षात देत नसेल. त्यातलाच थोडा धूर काढायला परत मागतोय.

रांगेबद्दल मी दोनच गोष्टी लिहिते, कारण त्यावर लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. रात्री यार्डाबाहेर गाड्या उभ्या असतात तेव्हा बऱ्याच जणांची इंजिनं चालूच असतात. लोक म्हणतात ड्रायव्हर बेफिकीर आहेत. तसं नाही. जुन्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, इंजिन बंद केलं आणि पहाटे सेल्फ घेतला नाही तर नंबर जातो आणि मागचे शिव्या घालतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये केबिनमध्ये पंखा लागतो, डासांसाठी काचा बंद ठेवाव्या लागतात. आमच्या वहीप्रमाणे उभ्या गाडीत तासाला दोन लिटरच्या वर डिझेल जातं. रात्रीचे सहा तास धरा. हा धूर कमी करायला कोटीची गाडी लागत नाही. उभं राहायला झाडाची सावली असलेली, नळ-संडास असलेली जागा, पंखा आणि मोबाइल लागेल एवढी वीज, आणि नंबर आला की मोबाइलवर हाक. त्यावर खर्च केलेला रुपया त्याच रात्री धूर कमी करतो.

तपासणीचंही सांगितलं पाहिजे, कारण ती नसेल तर वरचं सगळं वाया जाईल. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये धूर किती दाट आहे तेवढंच बघतात. बारीक कणांची संख्या नाही, नायट्रोजनचे वायू नाहीत. आणि ते बघणंही कसं होतं? एका केंद्रावर आमची गाडी यार्डात उभी असताना तिची पीयूसी निघाली होती. नवऱ्यानं फक्त नंबर सांगितला होता. मी ते प्रमाणपत्र घेतलं नाही, परत पाठवून गाडी नेऊन करून आणायला लावली. त्यावरून आमच्या घरात दोन दिवस बोलणं नव्हतं. बीएस-6 गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं. ते वाचवायला ती यंत्रणाच बंद करून देणारे मेकॅनिक हायवेला बसलेले आहेत, हे सगळ्या लाइनला माहीत आहे. अशी बंद केलेली बीएस-6 गाडी कागदावर स्वच्छ आणि रस्त्यावर तशीच घाण. ज्या गाडीला सरकारी पैसा मिळेल, तिची ही यंत्रणा चालू आहे का हे वर्षातून दोनदा उघडून बघा. आमचीही बघा.

एक लहान गोष्ट, पण मनाला लागलेली. ऑगस्ट 2025 मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. मालवाहू गाड्या त्यात नव्हत्या. पुलाचं एक टोक आमच्याकडे न्हावा शेव्याला आहे. ज्यानं स्वतःच्या हिमतीवर कर्ज काढून विजेचा ट्रक घेतला, त्याला त्या टोकावर उभं राहून कोटीच्या मोटारी फुकट जाताना बघाव्या लागतात. बंदराच्या पुलावर बंदराच्या गाडीला सवलत नाही, याचं कारण मला कुठं सापडलं नाही.

आता आमच्या मागण्या. त्या मी एकटीच्या म्हणून लिहिते, पण आमच्या लाइनमधल्या बऱ्याच घरांत यावर बोलणं झालेलं आहे.

जुन्या गाडीच्या बाजारभावात आणि भंगाराच्या भावात जी तूट आहे ती सरकारनं भरावी. ती बीएस-3 आणि त्याआधीच्या मालवाहू गाड्यांना, तीन किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकालाच मिळावी, आणि इंजिन निकामी केल्याचा पुरावा घेऊनच मिळावी. गाडी गेली तीन वर्षं त्याच मालकाच्या नावावर आणि चालती असावी, म्हणजे कोपऱ्यात गंजलेली गाडी आणून कुणी पैसे नेणार नाही.

ती गाडी मोडून जो वापरलेली बीएस-6, सीएनजी किंवा विजेची गाडी घेईल, त्याच्या कर्जाला सरकारनं हमी द्यावी आणि व्याजाचा काही भाग उचलावा. करार नाही म्हणून आम्हाला परत पाठवू नये. आमचे फास्टॅगचे पाच वर्षांचे उतारे हाच आमचा करार समजावा. गाडी रोज धावते याचा त्याहून खरा पुरावा दुसरा नाही.

विजेच्या ट्रकांच्या अनुदानातला ठरावीक हिस्सा छोट्या मालकांसाठी राखून ठेवावा. ई-ड्राइव्हची मुदत मार्च 2028 पर्यंत वाढली आहे, म्हणजे नियम बदलायला वेळ आहे.

उरण आणि पनवेल तालुक्यांतला बंदराचा रस्ता स्वच्छ हवेच्या निधीत घ्यावा. शहर नाही म्हणून नाही, असं उत्तर देऊ नये. करळ, जासई आणि गव्हाण फाटा इथं रस्त्याच्या कडेला, माणसाच्या नाकाच्या उंचीवर पीएम-2.5 आणि काजळी मोजावी आणि आकडा रोज मराठीत फलकावर लावावा.

पर्यावरण कराचा वर्षवार जमाखर्च परिवहन विभागानं जाहीर करावा.

कुठल्याही तारखेपासून जुन्या गाड्यांना बंदरात बंदी घालायची असेल तर ती तारीख तीन वर्षं आधी सांगावी, आणि मदतीचे पैसे त्याच्या आधी खात्यात यावेत.

आणि पालघरला वाढवणचं बंदर होतंय, ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथं पहिला कंटेनर उतरायच्या आधी रस्त्याकडेच्या गावांच्या हवेची मोजणी सुरू करा. आमच्याकडे ती आधी केली नव्हती, त्यामुळे आमची हवा पूर्वी कशी होती हे सांगायला आता फक्त सासूबाई आहेत.

उत्तर कुठल्या खात्यानं द्यायचं यावरून पत्र इकडून तिकडं फिरू नये, म्हणून ते तिघांच्याही नावे एकत्र लिहिलंय. आमच्या मोठ्या गाडीचं पासिंग मार्चमध्ये आहे. तोवर काही कळलं नाही, तर नेहमीप्रमाणे पंप-नोझलचं काम करून, फिल्टर बदलून ती आम्ही अजून एक वर्ष रस्त्यावर ठेवू. तिला घ्यायला घाटावरचा एक माणूस दोनदा येऊन गेलाय. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपली,
दोन ट्रेलरांचा हिशेब ठेवणारी,
उरण तालुका, जि. रायगड